इशारा सरकारचा, तोटा खलाशाचा

हिवाळ्यातील समुद्र म्हणजे निवांत समुद्र, असा एक समज शहरी मध्यमवर्गात रूढ आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे परतले आणि आकाश निवळले की हवामानवृत्ताकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. परंतु उष्ण कटिबंधातील सागराला हा समज मान्य नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा आपल्या दोन्ही समुद्रांतील चक्रीवादळांचा काळ आहे, आणि नेमका तोच पावसाळी बंदीनंतरच्या भर मासेमारीचा काळ आहे. समुद्र सर्वाधिक फसवा असतो त्या दिवसांतच सर्वाधिक श्रमिक त्यावर असतात. म्हणून हिवाळी हवामानाच्या अंदाजाचा प्रश्न शास्त्रज्ञांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. तो श्रमाचा आणि मजुरीचा प्रश्न आहे.

२०१७ च्या ओखी वादळाचा क्रम या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेच्या परिसरात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले. ३० नोव्हेंबरच्या सकाळी कन्याकुमारीजवळच्या समुद्रात त्याचे चक्रीवादळ बनले. १ डिसेंबरला त्याने अतितीव्र रूप धारण केले आणि पुढे लक्षद्वीपच्या समुद्रात वाऱ्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात गेला. नंतर ते उत्तरेकडे वळून दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याशी येईपर्यंत क्षीण झाले. दोन दिवसांत घडलेल्या या स्थित्यंतरात केरळ व तमिळनाडूचे दोनशेहून अधिक मच्छीमार कायमचे हरपले. त्यांत पूंथुरा आणि विळिंजमचे छोट्या होड्यांवरचे लोक होते, तसेच तुत्तूर परिसरातील, आठवडेच्या आठवडे खोल समुद्रात राहणारे खलाशीही होते. आपल्या कोकणालाही या वादळाने स्पर्श केला. दक्षिणेकडील ६८ नौका आणि त्यांवरील ९५२ माणसे सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागली, म्हणून ती वाचली.

त्यानंतर केंद्र आणि केरळ यांच्यात जो वाद झाला तो बोधप्रद होता. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असे आम्ही २९ तारखेलाच कळविले होते, असे केंद्राकडून सांगण्यात आले. चक्रीवादळाचा स्पष्ट इशारा ३० तारखेच्या दुपारी मिळाला, असे राज्याचे म्हणणे होते. दोन्ही बाजू घड्याळावर भांडत राहिल्या. परंतु जी नौका आठ-दहा दिवस आधीच निघून गेली आहे, तिला ‘जाऊ नका’ हा इशारा २९ ला दिला काय आणि ३० ला दिला काय, त्याचा उपयोग काय? किनाऱ्यावर लावलेली सूचना किनाऱ्यावरच राहिली.

याचे मूळ या व्यवस्थेच्या जन्मात आहे. १८६४ च्या वादळाने कलकत्त्याची वाताहत केली, आणि १८६५ मध्ये त्या बंदरासाठी वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था उभी राहिली. भारतीय हवामान खाते त्यानंतर, १८७५ मध्ये, स्थापन झाले. साम्राज्याच्या व्यापाराला आपली जहाजे आणि माल सुरक्षित हवा होता. म्हणून इशारा बंदराला मिळे आणि बंदर तो बावट्याने जहाजाला देई. आपल्या किनाऱ्यावर ‘तीन नंबरचा बावटा’ हा शब्दप्रयोग आजही प्रत्येकाच्या तोंडी आहे. या संकेतांतील अकरावा क्रमांक मोठा अर्थपूर्ण आहे. हवामान कार्यालयाशी संपर्क तुटला आहे, असे तो सांगतो. खोल समुद्रातील खलाशी बारमाही या अकराव्या क्रमांकाखालीच काम करीत आला आहे.

तो इतक्या दूर का जातो, हेही विचारले पाहिजे. किनाऱ्यालगतची मासळी यांत्रिक नौकांच्या बेसुमार उपशाने ओसरली. त्यामुळे छोट्यालाही दूर जाणे भाग पडले. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा उपग्रहांच्या साहाय्याने मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे हे रोज कळविते. ही सेवा उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु २०१९ मध्ये सरकारनेच सांगितले की किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपलीकडे असे संदेश पोहोचत नव्हते, आणि मच्छीमार तर कित्येकदा तीनशे सागरी मैलांपर्यंत जातात. त्याच वर्षी उपग्रहाद्वारे इशारा देणारे ‘जेमिनी’ हे उपकरण आले. पण त्यावर संदेश ऐकता येतो, हाक देता येत नाही. त्याच २०१९ मध्ये अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली, जेथे सरासरीने वर्षाला एखादेच होते. सागर तापत आहे आणि जुन्या अनुभवाचे आडाखे चुकू लागले आहेत. तांडेलाचे परंपरागत ज्ञान यापुढे एकट्याने पुरे पडणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हवामानाचा अंदाज ही सार्वजनिक वस्तू आहे; एकाने ऐकला म्हणून दुसऱ्यासाठी तो कमी होत नाही. परंतु तो पाळण्याचा खर्च मात्र पूर्णपणे खाजगी आहे. अनेक नौकांवर खलाशाला पगार नसतो, वाटा असतो. डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च आधी वजा होतो आणि उरलेल्याचे वाटे पडतात. इशारा ऐकून नौका अर्ध्या वाटेवरून परत फिरली तर वजावट कायम राहते आणि वाटा शून्यावर येतो. नौकामालकाच्या डोक्यावर व्यापाऱ्याची उचल असते. खलाशाच्या घरी किराणा दुकानदाराची उधारी असते. अशा माणसाने इशारा मानला नाही की अधिकारी म्हणतात, ‘हे लोक ऐकतच नाहीत.’ ज्याला ऐकण्याची किंमत मोजावी लागत नाही, त्यानेच असे म्हणावे, हे स्वाभाविक आहे.

इशारा पाळून बुडालेला दिवस हा समाजहितासाठी बुडालेला दिवस आहे. म्हणून त्याची भरपाई समाजाने केली पाहिजे. ही कल्पना अव्यवहार्य नाही. २०२१ च्या अखेरीस केरळच्या डाव्या आघाडीच्या सरकारने हवामानाच्या इशाऱ्यांमुळे काम बुडालेल्या मच्छीमार कुटुंबांना प्रत्येकी ३,००० रुपये मंजूर केले. रक्कम अपुरी होती, पण तत्त्व मान्य झाले. याच राज्याने ओखीत गेलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी वीस लाख रुपये दिले. ते देणे उचितच होते. परंतु मेल्यावर वीस लाख देणाऱ्या राज्यव्यवस्थेला, जिवंतपणी चार दिवसांची मजुरी देणे परवडत नाही, हा युक्तिवाद हिशेबात बसत नाही.

पैशाचे म्हणाल, तर ३० ऑगस्ट २०२४ चा पालघरचा समारंभ आठवावा. त्या दिवशी एक लाख नौकांवर दुतर्फा संदेशवहन करणारे ट्रान्सपाँडर बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. तिचा खर्च सुमारे ३६४ कोटी रुपये. त्याच व्यासपीठावरून सुमारे ७६,००० कोटींच्या वाढवण बंदराची कोनशिला बसविण्यात आली, ज्याला तेथील मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. ट्रान्सपाँडरचे आपण स्वागतच करू. पण ज्याच्या हाती सुरक्षेचे यंत्र दिले, त्याच्याच पायाखालचा समुद्र काढून घेणे, याला विकास म्हणता येत नाही. बंदर आधी आणि मासेमार नंतर, हा १८६५ चा क्रम दीडशे वर्षांनंतरही बदललेला नाही.

किनारपट्टीवरील आपल्या साथींनी या हिवाळ्यात तीन गोष्टी हाती घ्याव्यात. प्रत्येक बंदरात किती नौकांवर दुतर्फा यंत्र बसले आणि त्यांतील किती चालू आहेत, याची मोजणी सहकारी सोसायट्यांच्या मदतीने करावी. दुसरे, इशाऱ्याच्या भाषेकडे लक्ष द्यावे. रत्नागिरीच्या नौकांवर आज नेपाळचे आणि परप्रांतांतील अनेक खलाशी आहेत. मराठीतील सूचना त्यांच्यापर्यंत जात नाही आणि मच्छीमारांच्या संघटनांतही त्यांना फारसे स्थान नाही. तिसरी आणि मुख्य गोष्ट, इशाऱ्याच्या प्रत्येक दिवसासाठी किमान वेतनाइतका भत्ता कायद्याने मिळावा, आणि तो नौकामालकाच्या नव्हे तर थेट खलाशाच्या हाती पडावा, ही मागणी घेऊन ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत जावे.

वादळ रोखणे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. परंतु वादळाची बातमी ऐकून घरी थांबणाऱ्या माणसाच्या घरची चूल पेटती ठेवणे सरकारच्या हाती आहे. तेवढे होत नाही तोवर सर्वांत अचूक अंदाजही किनाऱ्यावरच्या माणसांनी किनाऱ्यावरच्या माणसांसाठी लिहिलेला कागद ठरेल.