बाटलीवर न छापलेली ओळ

लेहहून येणारे मराठी पर्यटक जर्दाळूबरोबर हल्ली नारिंगी रसाच्या बाटल्याही आणतात. सी बकथॉर्नचा रस. पुण्यामुंबईच्या प्रदर्शनांतही त्याचे स्टॉल लागतात आणि काउंटरवरचा माणूस छातीठोकपणे सांगतो: शुगर जाते, ब्लॉकेज उघडतात, कॅन्सर जवळ फिरकत नाही. हे धादांत खोटं आहे. समोर थांबून ऐकणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे आणि गोळ्यांना कंटाळलेले असतात, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

फळाशी माझं काही भांडण नाही. नुब्रा खोऱ्यात नदीकाठच्या रेताड जमिनीवर ही काटेरी झुडपं वाढतात. लडाखी लोक फळाला त्सेस्तालुलू म्हणतात आणि काटेरी फांद्या शेताच्या कुंपणाला लावतात. वाटाण्याएवढी फळं फांदीला इतकी चिकटून असतात की तोडायला जावं तर काटा तरी रुततो, नाहीतर फळ तरी फुटतं. म्हणून खाली कापड अंथरून फांद्या झोडपाव्या लागतात. रस दात आंबवणारा. क जीवनसत्त्व जातीनुसार कमीजास्त, पण बहुधा संत्र्याच्या कितीतरी पट. गराच्या तेलात ओमेगा-7 असतं, जे फळांत क्वचितच मिळतं. एवढं सगळं खरं असताना खोट्याची गरजच काय?

फिनलंडमध्ये हे फळ समुद्रकाठी रानटी वाढतं. तिथे तुर्कूच्या संशोधकांनी अडीचशेवर निरोगी माणसांना तीन महिने रोज 28 ग्रॅम गर किंवा तसाच दिसणारा दुसरा पदार्थ दिला. 2008 मध्ये निष्कर्ष छापला: सर्दी-पडसं कमी झालं नाही. दाह दाखवणारा रक्तातला एक घटक किंचित उतरला, इतकंच. पुढे रोज 2 ग्रॅम तेल घेतल्याने कोरड्या डोळ्यांची जळजळ थोडी कमी झाल्याचंही दिसलं. पण सर्दीदेखील न रोखणारं फळ हृदयाचे ब्लॉकेज उघडतं, असं कुठल्या तोंडाने सांगता?

माझ्या मावशीची अँजिओप्लास्टी झाली आहे. स्टॉलवर तिला दोन बाटल्या दिल्या आणि वर सल्ला: महिनाभराने रक्त पातळ करायच्या गोळ्या हळूहळू सोडा. "अगं, नैसर्गिक आहे ते, त्याने काय होणार?" ती मला फोनवर म्हणाली. काय होणार? स्टेंट बसवलेल्या माणसाने ही गोळी मनाने बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. बरं, गोळी चालू ठेवून वर या तेलाच्या कॅप्सूल घेतल्या, तर धोका उलट्या बाजूने येतो. हे तेल रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याचं प्रमाण कमी करतं, असं छोट्या चाचणीत दिसलं आहे. म्हणजे रक्तस्राव वाढू शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर तेल, कॅप्सूल दोन आठवडे आधी थांबवावं आणि सर्जनला तसं सांगावं. यातलं एक अक्षर त्या बाटलीवर नव्हतं.

घटकांची यादी मात्र होती, बारीक अक्षरांत. वजनाने जे जास्त ते आधी लिहायचं, असा नियम आहे. पहिलं पाणी, दुसरी साखर, फळ तिसरं. हे मधुमेह्याच्या हातात औषध म्हणून द्यायचं!

खायचं तर फळ म्हणून खा. बिनसाखरेचा रस थोडासा, पाण्यात मिसळून, जेवणानंतर. ॲसिडिटीचा त्रास असेल तर तोही बेताने. मधुमेह, कर्करोग बरे करण्याच्या औषधी जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. खाद्यपदार्थाची फसवी जाहिरात केली तर 2006 च्या कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे. तेव्हा स्टॉलवरच्या पत्रकाचा फोटो काढा, पक्कं बिल मागा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. सभागृह भाड्याने देणाऱ्या आयोजकांचं नावही त्या तक्रारीत घाला.