पिस्तूल नंतर घ्या, आधी रेंजवर या

“सर, आधी कोणतं पिस्तूल घेऊ?” मुलीला घेऊन रेंजवर आलेल्या बापाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, आणि आम्हा प्रशिक्षकांतले बरेच जण लगेच उत्तर देऊन मोकळे होतात. परदेशी मॅच पिस्तूल, किंमत दीड-दोन लाखांच्या घरात. वर शूटिंगचा चष्मा, खास बूट, पेटी. तो माणूस मान डोलावतो, “विचार करून सांगतो” म्हणतो आणि पुन्हा दिसत नाही. असे कितीतरी जण मी परत जाताना पाहिलेत. १० मीटरच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. पिस्तूल नेमबाजीत शिरायला याहून सोपं दार नाही. त्याच दारात आपण खरेदीची यादी घेऊन उभे राहतो, याचा मला मनापासून राग येतो.

यादी देणारे म्हणतात, हा साधनांचाच खेळ आहे. मग जरा हिशेब मांडू. १० मीटरवरच्या लक्ष्यात दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि तो रेषेला नुसता टेकला तरी दहाच धरतात. दोन्ही साइट एका रेषेत ठेवून अख्खा हात ५ मिलिमीटर सरकला, तर छर्राही ५ मिलिमीटरच सरकतो, म्हणजे दहा शाबूत. पण ट्रिगर ओढताना मनगट किंचित वाकलं आणि पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर कलली, तर छर्रा जवळपास ३ सेंटिमीटर लांब पडतो. दोन वर्तुळांतलं अंतर ८ मिलिमीटर. दहाचे थेट सहा-सात होतात. नवख्याचे गुण जातात ते इथे, बोटात आणि मनगटात. क्लबचं दहा-पंधरा वर्षं जुनं, पण नीट राखलेलं पिस्तूल पहिलं वर्षभर त्याच्यापेक्षा कितीतरी अचूक असतं. दोन लाख मोजून ते मनगट सरळ होत नाही, रोज रेंजवर भिंतीसमोर अर्धा तास ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर ओढण्याचा सराव, केल्याने होतं.

बुटांचं तर बोलूच नका. पिस्तुलाच्या नियमांत घोटा झाकणारे बूट चालतच नाहीत आणि तळवा लवचिक लागतो. साधे कॅनव्हासचे बूट त्यात सहज बसतात. मनगटाला कसलाही आधार चालत नाही. रायफलवाल्यांसारखं ताठ जॅकेट आपल्याकडे नाही. एक हात, उघडं मनगट आणि दीड किलोच्या आतलं पिस्तूल, एवढाच हा खेळ आहे. पॅरिसमध्ये २०२४ साली मिश्र सांघिक स्पर्धेत मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्य घेतलं. त्याच स्पर्धेत तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचने नेहमीचा चष्मा लावून, एक हात खिशात घालून रौप्य नेलं. त्याच्या हातातलं पिस्तूल स्पर्धेचंच होतं आणि पाठीशी कित्येक वर्षांचा सराव होता, हे मी लपवत नाही. पण बाकीच्या सरंजामाशिवाय माणूस ऑलिम्पिकच्या मंचापर्यंत पोचतो, हे जगाने पाहिलं.

एक आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो: क्लबच्या पिस्तुलाची मूठ हाताला बसत नाही आणि चुकीच्या सवयी लागतात. आमच्याकडे शाळेच्याच बुटांत येणारी एक आठवीतली मुलगी होती. मूठ तिला इतकी मोठी की बोटाचं टोक जेमतेम ट्रिगरला लागायचं. त्यामुळे ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला ढकलला जायचा आणि सगळे छर्रे डावीकडे, ग्रुप घट्ट पण सातात. तिच्या वडिलांना नवं पिस्तूल घ्यायला सांगण्यात आलं. आम्ही कानस घेतली. क्लबची जादा पडलेली लाकडी मूठ मागून उतरवली, तळव्याखाली पुट्टी भरली आणि ती ओली असतानाच तिचा हात दाबून घेतला. पुढच्या आठवड्यात ग्रुप मध्यावर आला. खर्च पुट्टीच्या डब्याचा. तेव्हा क्लबने तीन मापांच्या आणि एक डावखुऱ्यांसाठी अशा मुठी ठेवाव्यात. नव्या पिस्तुलाचा प्रश्न वर्षभर काढू नये.

राहिली साध्या पिस्तुलांवर खेळल्याने दर्जा घसरण्याची भीती. अमेरिकेत वेगवान, व्यावहारिक पिस्तूल स्पर्धा रोजच्या वापरातल्या पिस्तुलांवर सुरू झाल्या आणि पुढे खास शर्यतीसाठी घडवलेल्या हत्यारांच्या होऊन बसल्या. तेव्हा काही नेमबाजांनी १९९६ मध्ये आयडीपीए ही वेगळी संघटना काढली. नियम असा, की रोज बाळगता येईल तेच पिस्तूल, तसंच होल्स्टर. म्हणून शर्यतीच्या पिस्तुलांचा वर्ग काही बुडाला नाही, तोही चालूच राहिला.

आपल्याला वेगळी संघटनाही नको. जिल्हा स्पर्धेत ‘क्लब पिस्तूल’ असा एक गट काढा. लक्ष्य तेच, अंतर तेच, सुरक्षेचे नियम तेच, गुण मोजायची पद्धत तीच. फक्त पिस्तूल क्लबचं, छर्रे क्लबचे, प्रवेश शुल्क परवडणारं. सहाशेपैकी पाचशे वीस मारणाऱ्या पोराला बापाने खुशाल पिस्तूल घेऊन द्यावं; तोवर काय घ्यायचं हे त्या पोराच्या हातालाच कळलेलं असतं.

त्या मुलीची मूठ आता लॉकरमध्ये आहे, तिच्यावर मार्करने ‘लहान हात’ लिहिलंय. गेल्या रविवारी एका सातवीतल्या मुलाने ती लावली आणि दुसऱ्या सिरीजला त्याचा पहिला दहा लागला.