'त्याची' बहीण आणि 'तिचा' भाऊ



क्रियापदांवरच्या मागच्या लेखानंतर काही पालकांनी जवळपास एकच प्रश्न विचारला. "मुलं इंग्रजी मीडियमला आहेत, तेलुगू शाळेत शिकावीच लागते. त्यात घरी मराठी बोललो तर इंग्रजी कच्चं राहील का?"

प्रश्न आपल्या आदिलाबादकरांना नवा नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आपल्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. पैनगंगेच्या अलीकडची आपली घरं आंध्र प्रदेशात राहिली आणि 2014 पासून तेलंगणात आहेत. 2018 च्या कायद्याने इथल्या शाळांत पहिली ते दहावी तेलुगू सक्तीची झाली. म्हणजे शाळेत इंग्रजी आणि तेलुगू, गल्लीत हिंदी. या गर्दीत सर्वात आधी कात्री लागते ती घरातल्या मराठीला.

माझं मत उलट आहे. इंग्रजीतली नामं आणि सर्वनामं नीट शिकायची असतील तर मराठी मदतच करते. कशी ते बघू.

लिंग कुठे बघायचं?

आपल्याकडे पंखा 'तो', खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते'. इंग्रजीत हे तिन्ही 'इट'. तिथे निर्जीव वस्तूला लिंग नाही. पुरुषाला 'ही', बाईला 'शी', बाकी सगळ्याला 'इट'. पैनगंगा आपल्यासाठी 'ती' असली तरी इंग्रजीत 'इट'च. घरातल्या लाडक्या कुत्र्याला 'ही' किंवा 'शी' म्हटलेलं चालतं. गंमत म्हणजे इंग्रजीतला 'ही' पुरुष आणि मराठीतली 'ही' बाई, म्हणून लहान मुलं सुरुवातीला अडखळतात. त्यांना हसू नका. तेलुगूत तर क्रियापदाला बाई आणि गाय सारखीच: दोघींसाठी 'वच्चिंदी', पुरुषासाठी 'वच्चाडु'. तीन भाषांचे तीन हिशेब एकाच डोक्यात चालू असतात.

'हिज' की 'हर'?

मोठ्यांचीही सर्वात जास्त चूक इथे होते. राजूच्या बहिणीबद्दल सांगताना अनेक जण 'हर सिस्टर' म्हणून जातात. कारण डोक्यात हिंदी वाक्य असतं: 'उसकी बहन'. हिंदीतला 'का' किंवा 'की' बहिणीकडे बघून ठरतो, राजूकडे बघून नाही. इंग्रजीत मात्र मालक कोण ते बघायचं. राजू मुलगा, म्हणून 'हिज सिस्टर'.

आता मराठीत म्हणून बघा: त्याची बहीण, तिचा भाऊ. मागचा 'ची' किंवा 'चा' झाकून टाका. उरलं 'त्या' आणि 'ति'. 'त्या' म्हणजे 'हिज', 'ति' म्हणजे 'हर'. मराठी एकाच शब्दात मालकही सांगते आणि वस्तूही. ज्या मुलाला घरी 'त्याची' आणि 'तिची' यातला फरक रोज ऐकायला मिळतो, त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही.

मी आणि दादा

"काकांनी दादाला आणि मला पुस्तक दिलं." इथे 'माय ब्रदर अँड आय' की 'माय ब्रदर अँड मी'? दादाला क्षणभर बाजूला करा. "काकांनी मला पुस्तक दिलं." मराठीत 'मी' नाही, 'मला' आलं, म्हणून इंग्रजीत 'मी', 'आय' नाही. "दादा आणि मी गेलो" यात 'मी' आहे, म्हणून तिथे 'आय'. चांगली इंग्रजी येणारेही इथे 'आय' जास्त सभ्य वाटतं म्हणून चुकतात.

मोजता येतं की नाही?

माझ्या क्षेत्रात रोज दिसणारा शब्द 'सॉफ्टवेअर्स'. तो चुकीचा आहे. 'सॉफ्टवेअर', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'अ‍ॅडव्हाइस' यांना शेवटी 'एस' लागत नाही. मोजायचंच असेल तर 'टू पीसेस ऑफ फर्निचर' म्हणायचं.

काही ठिकाणी मराठी आणि इंग्रजी उलट्या चालतात, ते मात्र लक्षात ठेवावंच लागतं. आपले केस 'पांढरे झाले', पण 'हेअर इज'. पैसे 'संपले', पण 'मनी इज'. बातम्या अनेक, तरी 'न्यूज इज'. उलट आपली कात्री एक, तिथे 'सिझर्स आर'. चष्मा एक, तिथे 'ग्लासेस आर'. आपल्याकडे एक पोलीस येतो, पण 'पोलीस आर'. आणि 'सगळे आले' असलं तरी 'एव्हरीवन हॅज कम', 'हॅव' नाही.

जिथे इंग्रजी तोकडी पडते

"आम्ही जेवायला चाललो" आणि "आपण जेवायला चाललो" यातला फरक आपल्या लहान पोरालाही कळतो. पहिल्यात त्याला घरीच थांबायचंय, दुसऱ्यात त्याने चप्पल घालायची. इंग्रजीत दोन्हीला 'वी'. तेलुगूत मात्र आपल्यासारखंच आहे: 'मेमु' म्हणजे आम्ही, 'मनमु' म्हणजे आपण. 2022 ची सरकारी शाळांची योजना आठवा, 'मन ऊरु, मन बडी'. आपलं गाव, आपली शाळा. 'मन' आलं म्हणून ऐकणाराही त्यात आला. मराठी येणाऱ्या मुलाला तेलुगूतला हा भेद आयताच मिळतो.

तसंच 'सुरेशने रमेशला आपला फोन दिला' आणि 'त्याचा फोन दिला' ही वेगळी वाक्यं. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज फोन'. अशा वेळी सरळ नाव लिहावं. ऑफिसातही मी नव्या मुलांना हेच सांगतो. "क्लायंट सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवतो आणि 'इट' बंद पडतं" असं लिहिलं, तर वाचणारा चुकीच्या ठिकाणी बिघाड शोधत बसतो.

आणि आजोबांना आपण 'ते' म्हणतो. इंग्रजीत आजोबाही 'ही' आणि पाच वर्षांचा नातूही 'ही'. 'माय ग्रँडफादर आर' चालत नाही. ज्याच्या घरी मराठी उरली नाही, त्याच्या तोंडून आजोबांसाठी 'तो आला' निघायला वेळ लागत नाही. मुलाला ते उद्धट वाटत नाही, आजोबांना मात्र लागतं. मराठी सोडल्याची ही किंमत कुठल्याच प्रगतिपुस्तकात दिसत नाही.

म्हणून पालकांना माझं उत्तर: घरी मराठीच बोला, भरपूर बोला. इंग्रजीचा अभ्यास करताना मुलाला वाक्य आधी मराठीत म्हणायला सांगा आणि विचारा, मालक कोण? 'मी' आहे की 'मला'? मोजता येतं का? तीन प्रश्नांत निम्म्या चुका गळून पडतील.

या आठवड्याचा गृहपाठ, आईबाबांसकट: "त्याच्या आईने तिचे केस विंचरले आणि मला तिची कात्री दिली." इंग्रजीत करा. तिसऱ्या शब्दापर्यंत 'हिज' आला नाही, तर हा लेख पुन्हा वाचा!

पुढच्या वेळी 'ए', 'अ‍ॅन' आणि 'द' घेऊ.