नमाजची वेळ हवी, पत्ता कशाला?

रमजान जवळ आला की सहर-इफ्तारची छापील वेळापत्रके दुकानांतून फुकट मिळतात. खाली दुकानदाराची जाहिरात असते. हा व्यवहार मला सरळ वाटतो. जाहिरात आपण बघतो, वेळापत्रक आपल्याला बघत नाही. फुकटच्या अ‍ॅपचे मात्र तसे नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील ‘मदरबोर्ड’ने उघड केले की, कोट्यवधी फोनांत असलेल्या ‘मुस्लिम प्रो’ या नमाजच्या अ‍ॅपमधून लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती ‘एक्स-मोड’ कंपनीकडे जात होती. एक्स-मोडची माहिती कंत्राटदारांमार्फत अमेरिकी लष्करापर्यंत पोहोचत होती. लष्कराला आम्ही काही विकले नाही, असे सांगत मुस्लिम प्रोने एक्स-मोडशी संबंध तोडले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने प्रार्थनास्थळांसारख्या संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला या कंपनीला मनाई केली.

‘आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ असे अनेक मित्र विचारतात. मोताळ्यासारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, हे खरे. पण शेजाऱ्याला आपणही ओळखतो. आपण कोणत्या मशिदीत, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या सभेला गेलो याची नोंद विकत घेणाऱ्याचे तर नावही आपल्याला कळत नाही.

आपल्या बाजूने कायदा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिले आहे की, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे, आणि संमतीची विनंती मराठीतही वाचता आली पाहिजे.

पण कायद्याची वाट बघत बसायचे कारण नाही. नमाजच्या वेळा काढायला अ‍ॅपला गावाचे नाव पुरते. मोताळ्याहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. तो रोज बदलत नाही. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन लोकेशनची परवानगी काढा, जाहिरात आयडी डिलीट करा. घरातल्या मोठ्यांच्या फोनवरही हे करून द्या.

परवानगीशिवाय कुणाच्या घरात शिरू नये, ही शिकवण सूरह नूरमध्ये आहे. आज आपल्या घराचा एक दरवाजा खिशात असतो. तो कुणासाठी उघडायचा, हे आपणच ठरवले पाहिजे.