गुण सांगता, तसे पथ्यही सांगा

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, छत्तीसगढ शासन
आयुष संचालनालय, रायपूर
खाद्य व औषधी प्रशासन, छत्तीसगढ
राज्याचे औषधी वनस्पती मंडळ व लघु वनोपज संघ
माहितीसाठी : अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

विषय : जडीबुटीच्या विक्रीबरोबर तिच्या अपायांचीही जबाबदारी घेण्याबाबत

महोदय / महोदया,

भिलाई-दुर्गच्या आठवडी बाजारात कांदे-बटाट्यांच्या ढिगांपलीकडे जडीबुटीची पथारी असतेच. हरडा, बेहडा, गुळवेलीचे तुकडे, कालमेघाच्या जुड्या, सफेद मुसळी, काळे चकचकीत बिब्बे. गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत कशावरही पुडी बांधून मिळते. दुसरीकडे शासनाचा वनोपज संघ 'छत्तीसगढ हर्बल्स' या नावाने सीलबंद माल विकतो. राज्य स्थापन झाल्यापासून इथल्या वनौषधींचा आपण अभिमानाने उल्लेख करता, आणि तो रास्तही आहे. माझी तक्रार एवढीच आहे की, ही झाडे विकण्याची व्यवस्था उभी राहिली, पण त्यांनी कोणाला बरे वाटले आणि कोणाला अपाय झाला, हे विचारणारी व्यवस्था उभी राहिली नाही.

स्टील प्लांटच्या नोकरीसाठी विदर्भातून इथे आलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांना झाडपाला नवा नाही. भेगाळलेल्या टाचेला बिब्ब्याचा चटका, हिवाळ्यातल्या लाडवांत गोडंबी, तापाला काढा, हे सगळे आम्ही सोबत आणले. पण बिब्बा देणारी आजी त्याच दमात बजावायची : उन्हाळ्यात नको, पित्ताच्या माणसाला नको, लेकराला तर नकोच, हाताला आधी तेल लाव, आणि उतलाच तर खोबरे-तीळ लाव. आयुर्वेदानेही भल्लातक, म्हणजे हाच बिब्बा, शोधन केल्याशिवाय वापरू नये असेच सांगितले आहे. परंपरेत गुण आणि पथ्य जोडीने सांगितले जायचे. बाजारात आल्यावर गुण तेवढे मोठ्या आवाजात सांगितले जातात, पथ्य घरीच राहते.

कायद्याला हे ठाऊक आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांत अनुसूची ई(१) नावाची विषारी द्रव्यांची यादी आहे. बिब्बा, बचनाग, कुचला, धोतरा, गुंज, कळलावी अशी आपल्या ओळखीचीच नावे तीत आहेत. यांतले काही घालून पोटात घेण्याचे आयुर्वेदिक औषध बनवले, तर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, असा इशारा वेष्टनावर इंग्रजी व हिंदीत छापावाच लागतो. मात्र हा इशारा कारखान्यातल्या बाटलीला लागतो. पथारीवर वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुडीवर ना नाव असते, ना मात्रा, ना इशारा.

गुळवेलीचेच उदाहरण घ्या. कोरोनाच्या काळात तिचा काढा घरोघरी उकळला गेला. भिलाईच्या सेक्टरांतल्या कडुनिंबांवर चढलेल्या वेली लोकांनी ओरबाडून नेल्या. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा ठरवला आणि रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती, हे आधी तपासायला हवे होते असे म्हटले, कारण टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल आहे. पुढे २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या अनेकांना यकृताचा जुना विकार होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मंत्रालयाचा प्रश्न योग्य होता आणि डॉक्टरांची काळजीही योग्य होती. लाखो लोकांनी गुळवेल घेतली, त्यांतल्या बहुतेकांना काही झाले नाही. पण यकृताचा जुना विकार किंवा स्वयंप्रतिकार (ऑटोइम्यून) आजार असलेल्यांनी ती जपून घ्यावी, एवढा निष्कर्ष तरी यातून निघतो. रुग्णाने घेतलेल्या वेलीचा तुकडा त्याच दिवशी जपून ठेवण्याची आणि ओळखून घेण्याची सोय असती, तर हा वाद वर्तमानपत्रांतून खेळावा लागला नसता. तो निष्कर्षही काढा पिणाऱ्याच्या घरापर्यंत पोहोचायला हवा होता. तो पोहोचवणे कोणाचे काम होते?

झाड ओळखण्याची चूक किती महाग पडते, हे बेल्जियमने १९९० च्या दशकात पाहिले. वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी नामसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच वनस्पती मिसळली गेली. शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्याच कुळातली सापसंद आपल्याकडे सर्पविषावरचा उतारा म्हणून दिली जाते.

झाडपाल्याला प्रयोगशाळेत नेणे म्हणजे त्याचा अपमान, असे काही जणांना वाटते. त्यांना सर्पगंधेची आठवण करून द्यावी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती दिली, आधीचा आणि नंतरचा दाब मोजला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. त्या निबंधामुळे जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांचे लक्ष या भारतीय मुळाकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातले रेसर्पिन वेगळे काढले गेले. नंतर त्याच रेसर्पिनने काही रुग्णांना खोल नैराश्य येते, हेही लक्षात आले आणि डॉक्टर सावध झाले. सर्पगंधेची कीर्ती मोजमापाने वाढली आणि तिचे पथ्यही मोजमापानेच कळले. भिलाईला हे वेगळे सांगायला नको. इथे भट्टीतल्या प्रत्येक हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या पोलादाचा, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि रेल्वेला जाणारा प्रत्येक रूळ अल्ट्रासोनिक तपासणीतून जातो. रुळाला जी शिस्त लावतो, ती पोटात जाणाऱ्या पुडीला का लावू नये?

आता बैगा, गुनिया आणि सिरहा या गावच्या पारंपरिक उपचारकांविषयी. गावात रात्री दोन वाजता दार उघडणारा माणूस तोच असतो, म्हणून त्याला हिणवून काहीच साधणार नाही. पण तीन आजारांत त्याच्या दारात गेलेला वेळ जिवावर बेततो.

पहिला सर्पदंश. एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत फारसे नाही, खूणही धड दिसत नाही. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही, म्हणून उतारा देणाऱ्याला यश येत राहते. ज्याच्या अंगात विष भिनले, त्याला मात्र प्रतिसर्पविषाशिवाय उपाय नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितले. त्या नोंदीत 'आधी कोणाकडे नेले, किती वेळ गेला' हा रकाना असायला हवा.

दुसरी कावीळ. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय ती उतरवणाऱ्याला जाते. पण पित्तनलिकेत खडा अडकलेला असेल किंवा यकृतच निकामी होत असेल, तर तेच दिवस मोलाचे असतात. गरोदर बाईची कावीळ तर एक दिवसही अंगावर काढू नये.

तिसरा सिकलसेल. छत्तीसगढमध्ये तो घरोघरच्या ओळखीचा आनुवंशिक रक्तविकार आहे. त्याच्यासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली; हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतले तर वेदनेचे झटके कमी होतात. तरीही 'मुळापासून बरा करू' म्हणणारे भेटतातच. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ज्या ५४ विकारांच्या जाहिरातींना बंदी आहे, त्यांत मधुमेह आणि कर्करोग आहेत. सिकलसेल आणि कावीळ नाहीत. इथल्या लोकांना सर्वाधिक गरज असलेली दोन नावेच यादीबाहेर आहेत.

आधुनिक औषधांच्या दुकानांतही सगळे आलबेल आहे, असे मी म्हणत नाही. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज देणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी १९८३ मध्ये स्वतःचे शहीद रुग्णालय उभारले. तिथल्या डॉक्टरांनी विनाकारण टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनांना आणि लावल्या जाणाऱ्या सलाइनला विरोध केला आणि जुलाबावर घरच्या मीठ-साखरेच्या पाण्याचा आग्रह धरला. औषध कोणत्या शास्त्राचे, यापेक्षा ते खरोखर हवे आहे का, हा प्रश्न तिथे आधी विचारला गेला. आमची मागणी त्याच जातीची आहे.

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात, ही विनंती.

१. भिलाईचे सेक्टर ९ चे रुग्णालय, रायपूरचे एम्स, जिल्हा रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे या सर्वांच्या केसपेपरवर एक ओळ वाढवावी : 'काढा, चूर्ण, जडीबुटी काय घेता? किती दिवस?' प्रश्न रागावून विचारू नये. रागावले की रुग्ण लपवतो. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर मधुनाशिनी घेणाऱ्याची साखर एकदम खाली जाऊ शकते, हे डॉक्टरला वेळेत कळायला हवे.

२. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान त्याचा समन्वय पाहते. पण अपाय झालेला माणूस जातो ॲलोपॅथीच्या रुग्णालयात. दोन्हीकडच्या नोंदी जोडाव्यात आणि वर्षातून एकदा राज्याचा अहवाल जाहीर करावा.

३. आठवडी बाजारात फिरते तपासणी पथक न्यावे. वेल खरी की तिची बहीण, हे वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराने जागच्या जागी सांगावे. सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याची प्रकरणे देशात वारंवार उघडकीला आली आहेत. असे नमुने उचलावेत आणि निकाल लोकांना कळवावेत. गोंदिया-राजनांदगावच्या सीमेपलीकडे तोच विक्रेता तोच माल नेतो, म्हणून महाराष्ट्राच्या प्रशासनालाही ही प्रत.

४. शासनाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वनौषधीच्या वेष्टनावर 'कोणी घेऊ नये' हा मजकूर गुणांइतक्याच मोठ्या अक्षरांत, हिंदी आणि छत्तीसगढीत असावा.

५. भारतीय गुणवत्ता परिषदेची पारंपरिक उपचारकांसाठी ऐच्छिक प्रमाणन योजना आहे. आपल्या वैद्यराजांना तिच्यात आणावे. कोणता रुग्ण तत्काळ पुढे पाठवायचा, हे शिकवावे, आणि पाठवलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्या वैद्याचे नाव मानाने लिहावे.

६. या उपचारकांच्या ज्ञानाची नोंद त्यांच्या नावाने व्हावी. हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपण रद्द करवून घेतले, कारण पुरावा लिखित होता. गुनियाच्या तोंडी ज्ञानाला तो आधार नाही. त्याच्याकडून वनस्पती घ्यायची, कारखान्यात चूर्ण करायचे आणि त्याला फक्त गोळा करण्याची मजुरी द्यायची, हा न्याय नव्हे.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. पहिल्या मागणीला तर छपाईखेरीज खर्चही नाही, म्हणून तिथून सुरुवात करावी. आणि हे पत्र वाचणाऱ्यांनी तेवढी वाट पाहू नये. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल, तेव्हा घरातले चूर्ण, पुडी, काढ्याचे सामान पिशवीत घालून सोबत न्या आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांच्या टेबलावर ठेवा.

आपला,
भिलाईतला एक मराठी रहिवासी