अब्बांचा नंबर आधी

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. चूक झाली मढच्या घरात, आणि मी होतो पुण्यात.

अब्बा आणि अम्मी मढला राहतात. माळशेज घाटाच्या माथ्यावरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथली जुलैमधली रात्र कशी असते हे सांगायला नको. अंगणात उजेड नसेल तर स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून मी मोठ्या हौसेने तिथे 'स्मार्ट' दिवे बसवले, एक हब बसवला आणि सगळे माझ्या मोबाईलवर घेतले. एका रात्री साडेनऊच्या सुमारास पुण्यातल्या घरी जेवण उरकल्यावर मी सहज ॲप उघडले आणि मढच्या अंगणातला दिवा इथून बंद होतो का ते पाहिले. झाला. मी खूश.

दहा मिनिटांनी अम्मीचा फोन. अब्बा गोठ्याकडे गेले होते. परत येताना अंगणात अचानक अंधार झाला आणि ते पायरीला अडखळले. गुडघा खरचटला, त्यापलीकडे काही झाले नाही. पण आत दिवे चालू आणि बाहेर अंधार, हे काय ते दोघांना कळेना. भिंतीवरचे बटण दाबून पाहावे, तर त्या बटणावर मीच चिकटपट्टी लावून 'दाबू नये' असे लिहून ठेवले होते. भिंतीवरचे बटण बंद केले की स्मार्ट दिव्याची वीजच जाते आणि मग ॲपला तो सापडत नाही, म्हणून.

अब्बा फोनवर एवढेच म्हणाले, "बेटा, घर आमचं, अंधारही आमचा, आणि बटण तुझ्याकडे?"

त्यानंतर मी या विषयाचा जरा गांभीर्याने विचार केला. शहरात गेलेली आपली पिढी गावाकडच्या आईवडिलांसाठी अशी उपकरणे घेऊन जाते तेव्हा बहुतेक घरांत हेच घडते. ॲपचे खाते मुलाच्या नंबरवर असते, ओटीपी मुलाला येतो, पासवर्ड मुलाला माहीत असतो. आईवडिलांच्या वाट्याला चिकटपट्टी.

जोडणी मुळात फार अवघड नसते. हब म्हणजे एक छोटी डबी. ती राऊटरला जोडायची, मग दिव्याचे किंवा प्लगचे बटण पाचेक सेकंद दाबून धरायचे, तो लुकलुकू लागला की हब त्याला ओळखतो. अडचणी येतात त्या घराच्या बांधकामामुळे. आमच्या जुन्या घराच्या भिंती दगडी. माजघरात ठेवलेल्या हबचा सिग्नल पडवीपर्यंत पोहोचेना. मग कळले की झिग्बी जातीच्या उपकरणांत सतत विजेवर असलेला प्रत्येक प्लग मधला निरोप्या होतो, एकाचा निरोप दुसऱ्याला देतो. माजघर आणि पडवी यांच्या मध्ये एक साधा स्मार्ट प्लग लावला आणि काम झाले. वायफायवरच्या उपकरणांची तऱ्हा वेगळी. बहुतेक स्वस्त उपकरणांना २.४ गिगाहर्ट्झचेच वायफाय चालते आणि राऊटर ५ वर ठेवला असेल तर माणूस दिवसभर डोके आपटत बसतो. मी बसलो होतो.

(गंमत अशी की याच जुन्नर तालुक्यात खोडदला जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. ती इथे उभारण्यामागचे एक कारण म्हणजे या भागात रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता. आणि आम्ही घरोघरी तो वाढवत चाललोय.)

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. मी हबची खटपट करत होतो तेव्हा अब्बांच्या विहिरीवर एक बिनतारी नियंत्रक कित्येक वर्षे मुकाट काम करत होता. मोबाईल स्टार्टर. त्याला कोणी स्मार्ट म्हणत नाही. त्यात एक सिम असते. अब्बा आपल्या साध्या बटणांच्या फोनवरून त्याला फोन लावतात, एक आकडा दाबला की मोटार चालू, दुसरा दाबला की बंद. विहिरीवर वीज आली की तो स्वतः फोन करून मराठीत सांगतो. पाणी संपले किंवा एखादा फेज गेला तर मोटार बंद करतो. इंटरनेट नको, ॲप नको, पासवर्ड नको. ज्या नंबरांची नोंद केली आहे त्यांचेच तो ऐकतो, आणि त्या यादीत पहिला नंबर अब्बांचा आहे.

ही कल्पना आपल्याच जिल्ह्यात वाढली. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी आजोबांची पंपासाठी होणारी पायपीट पाहून 'नॅनो गणेश' नावाचे उपकरण विकसित केले, आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. आज वेगवेगळ्या बनावटीचे असे स्टार्टर गावोगावी दिसतात. त्यामागे हौस नाही, गरज आहे. शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रीच्या पाळीत मोटार चालू करायला बांधावरून जायचे आणि जुन्नर, आंबेगावात बांधावर कोण भेटेल हे सांगावे लागत नाही. बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र उभारावे लागले, असा हा मुलूख. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली, पाण्यामागोमाग ऊस आला आणि उसात बिबट्या मुक्कामाला आला. अशा ठिकाणी घरात खाटेवर बसून मोटार चालू करता येणे ही चैन नव्हे.

तरी या स्टार्टरचे गुणगान करून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. मोटार फोनवर चालू होते, पण पाटाने पाणी देणाऱ्याला दारं धरायला शेतात जावेच लागते. ठिबक असेल तरच खाट सुटत नाही. त्यामुळे 'आता मोबाईल स्टार्टर आहेत, मग रात्रीच्या विजेने काय बिघडते?' असे कोणी म्हणू लागला तर त्याला एकदा रात्री दोन वाजता कांद्याच्या वाफ्यात उभे करावे. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतकऱ्याने ती मागणी एका डबीच्या बदल्यात सोडून देऊ नये.

मोबाईल स्टार्टर आणि ऑटोस्विच यांतही लोक गल्लत करतात. ऑटोस्विच वीज आली की माणसाला न विचारता मोटार चालू करतो. वीज येताच एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटारी एकदम उचलल्या जातात आणि रोहित्र जळते. महावितरण ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा म्हणून सांगत असते ते यामुळेच. मोबाईल स्टार्टरमध्ये निर्णय माणूस घेतो. माझ्या मते घरातल्या यंत्रणेलाही हीच कसोटी लावावी. ती घरातल्या माणसाला विचारते की परस्पर ठरवते?

परस्पर ठरवणारा दरवेळी मुलगाच असतो असेही नाही, कंपनीही असते. रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब होता. त्याची कंपनी गूगलच्या नेस्टने विकत घेतली आणि २०१६ मध्ये सेवा बंद केली. लोकांच्या घरातले हब एका दिवसात निकामी झाले. २०२२ च्या एप्रिलमध्ये इनस्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर न सांगता बंद पडले. उपकरणे धडधाकट, पण त्यांचा मेंदू दुसऱ्याच्या दारात. मढला तर कंपनी बुडायचीही गरज नाही. पावसात केबल तुटली की आठ दिवस इंटरनेट नसते.

म्हणून मी सगळे काढून पुन्हा बसवले. दोन रविवार गेले. हबऐवजी एक छोटा संगणक घेतला आणि त्यावर होम असिस्टंट ही मोफत, मुक्त प्रणाली टाकली. ती घरातल्या घरात चालते, दिवा लावायला इंटरनेट लागत नाही. खरे सांगायचे तर ती बसवणे हबपेक्षा किचकट आहे आणि ज्याला सवय नाही त्याने जाणकाराला बरोबर घ्यावे. स्मार्ट दिवे काढून साधे लावले आणि स्मार्टपणा भिंतीतल्या बटणामागच्या रिलेमध्ये टाकला. आता भिंतीवरचे बटण दाबले की दिवा लागतो, जसा तो नेहमी लागायचा. चिकटपट्टी निघाली. माझ्या मोबाईलवर आता दिवे चालू आहेत की बंद एवढेच दिसते. बंद करायचा अधिकार मी माझ्याकडून काढून घेतला.

अम्मीला यातले काय आवडेल याचा मला अंदाज नव्हता. आवाजी मदतनीस तिला नको होता. तिची दखनी आणि मराठी एका वाक्यात येतात, त्या डबीला काही कळत नसे आणि अम्मी तिच्यावर चिडायची. तिने एकच मागणी केली. फजरच्या वेळी वजूला मोरीत जाताना दिवा आपोआप लागावा, कारण ते बटण उंचावर आहे आणि तिचा खांदा दुखतो. फजरची वेळ रोज सरकते, घड्याळ लावून भागत नाही. पण गावाचे अक्षांश-रेखांश दिले की ही प्रणाली सूर्योदय स्वतःच काढते. सूर्योदयाच्या सव्वा तास आधी मोरीचा दिवा लागेल असे लावून दिले.

मग मी विहिरीवरच्या स्टार्टरची यादी पाहिली. पहिला नंबर अब्बांचा, दुसरा माझा, तिसरा शेजारच्या चाचांचा. अम्मीचा नव्हताच. अब्बा ओतूरच्या बाजाराला गेले की मोटार बंद करायला ती चाचांच्या घरी निरोप धाडायची. मी माझा नंबर काढून तिथे तिचा घातला. तिने लगेच फोन लावून मोटार चालू केली, मग बंद केली, मग पुन्हा चालू केली. अब्बा ओरडले, "अगं, मोटार जळंल!" तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि तिसऱ्यांदा नंबर लावला.