सनरूफ कुणाच्या हप्त्यावर?

घरात गाडी घ्यायची ठरली की आपला भाव एका रात्रीत वाढतो, अनुभव आहे ना? एरवी ‘तुला काय कळतंय’ म्हणणारे वडील रिव्ह्यूचे व्हिडिओ लावून द्यायला सांगतात. कंपनी आणि मॉडेल मोठी माणसं ठरवतात, पण व्हेरिएंटचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळतात. एचटीके म्हणजे काय, झेडएक्सआय प्लसमध्ये जास्तीचं काय मिळतं, क्रिएटिव्ह आणि फिअरलेसमध्ये फरक कुठला, हे घरात फक्त आपल्यालाच पाठ असतं. आणि आपण डोळे झाकून सांगतो, टॉप घ्या!

मीही तेच सांगितलं होतं. आमचं घर सांगलीतलं. पप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्यावर आता घरची पहिली गाडी येणार, तीही कॉम्पॅक्ट एसयूव्ही. शोरूमवाल्याने टेस्ट ड्राइव्हला दिली ती अर्थातच टॉप. धाकट्या बहिणीने सनरूफ उघडून बघितलं आणि तिचा निकाल तिथेच लागला. मधलं व्हेरिएंट बघायचंय म्हटलं, तर ते शोरूममध्ये नव्हतंच. ‘त्याला तीन महिने वेटिंग आहे, टॉप मात्र याच आठवड्यात देतो.’ तुमच्या घरच्यांनीही असलं काहीतरी ऐकलं असेल.

घरी येऊन मी वही घेतली. मधलं व्हेरिएंट ९ लाख ३० हजार, टॉप १० लाख ८० हजार, दोन्ही एक्स-शोरूम. फरक दीड लाखाचा. ‘दहा लाखांच्या गाडीत दीड लाख काय मोठे,’ असं आपल्याला वाटतं. पण महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे, आणि १० ते २० लाखांना १२ टक्के. हा एक टक्का फक्त वरच्या ८० हजारांवर लागत नाही, पूर्ण किमतीवर लागतो. म्हणजे मधल्या व्हेरिएंटला १ लाख २ हजार ३०० आणि टॉपला १ लाख २९ हजार ६००. नुसत्या टॅक्सचा फरक २७ हजार ३००! शिवाय १० लाखांच्या वर गाडी गेली की एक टक्का टीसीएस. तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो किंवा वळता होतो हे खरं, पण आधी खिशातून द्यावाच लागतो. विम्याचा हप्ताही किमतीबरोबर चढतो.

आता कर्ज. तो दीड लाख नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतला तर महिन्याला साधारण २,४१० रुपये, आणि फेडून होईपर्यंत दोन लाखांच्या वर. पप्पांची नोकरी पाच वर्षं उरली आहे. वहीत हा आकडा लिहिल्यावर मी पेन खाली ठेवलं. शेवटची दोन वर्षं सनरूफचा हप्ता कुणी भरायचा, हे मी कुठल्याच व्हिडिओत बघितलं नव्हतं.

म्हणजे बेस घ्यावं का? तसंही नाही. काही वस्तू नंतर बसवता येतात. मोठी स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, सीट कव्हर, अलॉय व्हील. फक्त वायरिंग कापून काही बसवलं तर वॉरंटीवर गदा येऊ शकते, तेवढं आधी विचारून घ्या. पण एअरबॅग कुणी बाजारातून आणून बसवत नाही. ईएससी, म्हणजे वळणावर गाडी घसरायला लागली की चाकांना आपोआप वेगवेगळा ब्रेक लावणारी यंत्रणा, तीही नाही. दिलासा असा की सुरक्षेच्या या गोष्टी बऱ्याच कंपन्यांनी आता खालच्या व्हेरिएंटमध्येही दिल्या आहेत. तरी ‘बऱ्याच’ म्हणजे ‘सगळ्या’ नव्हे. भारत एनकॅपचे पाच स्टार दाखवले की रिपोर्ट उघडून बघा, तो कुठल्या व्हेरिएंटना लागू आहे हे त्यात लिहिलेलं असतं.

मग मधलं कशाला घ्यायचं? रात्रीसाठी आणि पावसासाठी. आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तिथे चांगले हेडलाइट पाहिजेत. पावसाळ्यात मागची काच पुसणारा वायपर आणि तिच्यावरचं धुकं घालवणारा डीफॉगर पाहिजे. ड्रायव्हर सीटची उंची बदलता आली पाहिजे, नाहीतर माझ्यासारख्या पाच फुटी मुलीला बॉनेटचं टोकच दिसत नाही. यातलं बरंचसं बेसमध्ये वगळलेलं असतं आणि ब्रोशरमध्ये छोट्या फुलीने दाखवलेलं असतं. त्या फुल्या वाचा.

टॉपमधल्या एडासचं मला मनापासून कौतुक होतं. पण त्यातलं लेन सांभाळणारं फीचर कॅमेऱ्याने रस्त्यावरचे पट्टे बघून चालतं. आमच्या गावाकडच्या रस्त्यावर पट्टे कुठे आहेत? तुमचं रोजचं जाणं-येणं एक्सप्रेस-वेवरून असेल तर तुमचा हिशेब वेगळा निघेल, आणि निघू द्या. सनरूफबद्दल एवढंच सांगते, की मे महिन्यात सांगलीत ते कुणी उघडणार नाही, आणि त्यातून डोकं बाहेर काढून उभं राहायची हौस एका ब्रेकमध्ये जिवावर येऊ शकते.

मागच्या सीटकडे मात्र आपण कुणीच बघत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. गाडी आलिशान होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं, आणि ते दोघंही गेले. आपल्या घरी मागे कोण बसतं? आई, आजी. मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, तिथे डोकं टेकायला काही आहे का, हे आम्ही शोरूममध्ये विचारलंसुद्धा नव्हतं. दोन तास स्क्रीनवर बोटं फिरवत होतो.

पप्पांना वही दाखवली. त्यांनी दोनदा बेरीज केली, मग विचारलं, ‘तुला टॉप पाहिजे होतं ना?’ मी म्हटलं, पाहिजे होतं.

शनिवारी पुन्हा जाणार आहोत. या वेळी आजी बरोबर येणार आहे. तिला मधल्या सीटवर बसवून पट्टा लावून बघायचाय. बहीण अजून रुसलेलीच आहे.